पुसलं माझ्या हातानं

महाळुंगे पडवळच्या वैजयंतीला नरमाईनं बोलता येत नाही, असं तिची आईच सांगते. अवसरीला इंजिनिअरिंग करून ती पुण्यात नोकरीला लागली, तिथल्या साहेबाशी भांडली आणि परत येऊन मंचरजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात संगणक सांभाळू लागली.

तेव्हा एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, औषधांचा साठा, सगळं एकाच म्हाताऱ्या सर्व्हरवर चालायचं. वैजयंतीनं हट्टानं तीन सर्व्हर घ्यायला लावले. आता एक्स-रे विभागाचा संगणक म्हणजे टेबलाखालचा डबा उरला नाही. तो या तिघांच्या जिवावर चालणारं व्हर्च्युअल मशीन झाला, म्हणजे डबा नसलेला, नुसत्या सॉफ्टवेअरमधला संगणक. त्याच्या डिस्कचे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा तिन्ही सर्व्हरवर ठेवायचा, अशी व्यवस्था. उन्हाळ्यात एक सर्व्हर जळाला, तर ओपीडीत कुणाला पत्ताही लागला नाही.

ते पाहून ट्रस्टचे अध्यक्ष दादाभाऊ खूश झाले. गावोगाव हिंडून हॉस्पिटल उभं केलेला माणूस. ते म्हणाले, "तीन ठिकाणी हाये ना समदं? मग आपल्या पिंपरी पेंढारच्या दवाखान्यात ते चौथं मशीन कशाला ठेवलंय? तिथं केसपेपरला रांग लागती. त्यांना वापरायला दे."

"नाही देणार."

"अगं, मी सांगतोय."

"चुकीचं सांगताय, दादा. तीन सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. एखादं यंत्र मेलं तर बाकीची दोन सांभाळून घेतात. पण माणसानं पुसलं, तर तिन्ही मिळून पुसतात. पिंपरीचं मशीन रोज पहाटे सगळ्याची वेगळी प्रत ओढून घेतं. ते हलवायचं असेल तर दुसरा माणूस बघा."

दादाभाऊंनी बघितलाही. कुणी यायला तयार होईना, म्हणून मशीन जागेवर राहिलं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी वैजयंतीनं अपडेटसाठी एक्स-रेचं व्हर्च्युअल मशीन बंद केलं होतं. हातासरशी चाचणीसाठी बनवलेली एक जुनी डिस्कही पुसून टाकावी म्हणून ती बसली. तिचं आणि एक्स-रेच्या डिस्कचं नाव जवळजवळ सारखं. तिनं चुकीच्या नावावर डिलीट दाबलं आणि तिन्ही सर्व्हरनी हुकूम पाळला. सगळे एक्स-रे गेले.

मग ती सरळ एक्स-रे विभागाच्या डॉक्टर स्नेहलकडे गेली. "एक्स-रेची डिस्क मी उडवली. आज पहाटेपर्यंतचं पिंपरीहून परत आणते. सकाळपासूनचं मात्र गेलं."

दादाभाऊ धावत आले. "लाइटचा दाब वाढला म्हणून सांगू. लोक समजून घेत्यात. हॉस्पिटलचं नाव जायला नको."

"लाइटवर ढकलायचं नाही. पुसलं माझ्या हातानं. मीच सांगणार."

"फाडून खातील तुला!"

"खाऊ द्यात."

ती बाहेर जाऊन बाकांसमोर उभी राहिली. "आज सकाळी काढलेले एक्स-रे माझ्या चुकीनं पुसले गेलेत. ते पुन्हा काढावे लागतील."

एक जण तिच्या अंगावर धावून आला. ती जागची हलली नाही. आहुप्याहून आलेल्या चिमाबाईंनी कपाळाला हात लावला. टीबीचं औषध संपवून त्या छाती दाखवायला आल्या होत्या. "पुन्यांदा फोटू? माझी यष्टी जाईल की गं!"

"मी पोचवते तुम्हाला घरी, मावशी. पण जुना फोटो येईपर्यंत थांबा. दोन्ही शेजारी लावून बघायचेत."

दिवस कलेपर्यंत पिंपरीहून डिस्क उतरत होती. वैजयंती पाणी प्यायलाही उठली नाही. मशीन सुरू झालं तेव्हा स्नेहलनी चिमाबाईंचा जुना एक्स-रे उघडला आणि शेजारी पुन्हा काढलेला नवा लावला. जुन्यातला पांढरा डाग नव्यात नव्हता.

"बऱ्या झालात तुम्ही," स्नेहल म्हणाल्या. चिमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

आहुप्याला जाताना डिंभ्याच्या पुढं घाटात चिमाबाईंनी गाडीत विचारलं, "तुला काडून टाकत्याल का गं?"

"टाकू द्यात. खोटं बोलून राहण्यापेक्षा बरं."

ट्रस्टच्या बैठकीत तशी मागणी झालीच. वैजयंती उभी राहिली. "चूक माझी. काय करायचं ते करा. पण पिंपरीचं मशीन हलणार नाही. दर महिन्याला त्यातून एक डिस्क परत उभी करून मी तपासणार, त्यासाठी वेळ द्यावाच लागेल. आणि यापुढं काहीही पुसायचं तर दोन माणसांची मंजुरी. मलाही एकटीला पुसता येणार नाही."

"माफी मागशील का नाय?" एका विश्वस्तानं विचारलं.

"ज्यांचे एक्स-रे गेले त्यांची मागितली. प्रत्येकाच्या घरी जाऊन."

शेवटी दादाभाऊंनी तिची बढती रोखल्याचं जाहीर केलं आणि बाकीचं सगळं मान्य केलं.

"ठीक," वैजयंती म्हणाली. "आता मंजुरीसाठी दुसरं नाव कुणाचं लिहू?"

स्नेहलनी हात वर केला.