लायसनवरचा शेरा

झरीहून परभणी स्टेशनाला निघालो, त्या दिवशी आबांनी दमणी इतकी हळू हाकली की मला चीड आली. शंकरपटाच्या शर्यतीत ज्यांच्या बैलजोडीमागे नुसता धुरळा उरायचा, ते माझे वडील कासरा सैल सोडून बसले होते. बैल वाटेकडेचं गवत हुंगत चालले होते. मी दोनदा म्हणालो, "आबा, हाना की, गाडी चुकल." ते म्हणाले, "सावकाश जाऊ. टेसन काय पळून जायलंय?" गाडी जेमतेम मिळाली. धड निरोपही घेता आला नाही, आणि तो राग मी पुण्यापर्यंत नेला.

पुण्यात एका गॅरेजात वर्षभर हात काळे केले, मोटार शिकलो, लायसन काढलं आणि एका डॉक्टरीणबाईंकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. झरीकरांनो, तुम्ही पत्रातून विचारायचात, तिकडं कसं चाललंय? मी लिहायचो, झकास. खरं तर एकदा माझी नोकरी जाता जाता राहिली. गाव सोडलेल्या प्रत्येकाने घरी अशी एखादी गोष्ट लपवलेली असते. माझी आज सांगून टाकतो.

रग आबांचीच. कुणी मागून येऊन पुढे गेलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा बाईंना दवाखान्यात सोडून रिकामी मोटार घेऊन परतत होतो. एका शेठची गाडी भोंगा वाजवत पुढे गेली. मी कसला सोडतोय! त्याला गाठलं, मागे टाकलं, आणि पुढच्या चौकात पोलिसाने मला धरलं. कोर्टात दंड झाला, लायसनवर इंग्रजीत शेरा पडला. दंड मी गुपचूप भरला आणि बाईंपाशी अवाक्षर काढलं नाही.

महिनाभराने मोटारीचा विमा नवा करायला कंपनीचे साहेब आले. बाई आत पेशंट तपासत होत्या. साहेबांनी मला सहज विचारलं, "काय हो, गाडी जोरात चालवता का?" आता पट गाजवणाऱ्या घरातल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे कौतुकच. मी छाती फुगवून म्हणालो, "लय जोरात, साहेब. आमच्या घरची जोडी पटात कुणाच्या बापाला ऐकत न्हाई." त्यांनी लायसन मागितलं, तेही हौसेने पुढे केलं. साहेबांनी शेरा वाचला आणि मुकाट्याने वहीत उतरवून घेतला.

आठ दिवसांत कंपनीचं पत्र आलं. हा ड्रायव्हर ठेवायचा तर विम्याचा हप्ता दीडपट होईल, बदलला तर आहे तोच राहील. बाईंनी ते मला वाचून दाखवलं. झरीला कोणतं तोंड घेऊन जाणार? मी सगळं कबूल केलं, शेठच्या गाडीसकट. बाईंनी पत्राची घडी घालून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "जास्तीचा हप्ता मी भरते. तुझ्या पगारातून कापणार नाही. पण यापुढे उशीर झाला तर तो माझा उशीर. तू हळू चालवायचंस."

त्यांना माझ्याहून शहाणा ड्रायव्हर पुण्यात पन्नास ठिकाणी मिळाला असता. ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पुढची तीन वर्षं शेठच काय, टांगेवालेही मला मागे टाकून गेले. मी दातओठ खाऊन गप्प बसलो. दुसरा शेरा पडला नाही आणि हप्ता पुन्हा पहिल्यावर आला. बाईंनी त्या दिवशी पेढे मागवले, पहिला मला दिला. मला रडूच कोसळलं.

त्याच साली आबा पहिल्यांदा निजामाच्या मुलखाबाहेर पडले आणि माझ्याकडे आठ दिवस राहिले. परतीच्या दिवशी बाई म्हणाल्या, "वडिलांना मोटारीने स्टेशनावर सोडून ये." आबा माझ्या शेजारी ताठ बसले. थोड्या वेळाने एक टांगा आम्हाला मागे टाकून गेला. आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"किसना, बैलं आजारी हायती का तुझी? गाडी चुकल की."

"इमा कंपनीचा नियम हाय, आबा."

रस्ता मोकळा होता, आणि कुठल्याही नियमापेक्षा मी निम्म्याने हळू चाललो होतो. आबांनी डोक्यावरचा पटका सारखा केला आणि समोर बघत राहिले.

"ठावं हाय मला त्यो नियम," ते म्हणाले. "झरीपासून परभणीपर्यंत मीबी पाळला व्हता."

गाडी त्या दिवशीही जेमतेमच मिळाली. पण या वेळी राग कुणालाच आला नाही. तुझं घर झरी की पुणं, असं आता मला लोक विचारतात. जिथून निघताना आपलं माणूस मुद्दाम हळू हाकतं, ते माझं घर. अशी मला दोन मिळाली.