एका कॅसेटवरचा संसार

अब्बा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे सौदीत थुवालला आले, तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि कोकमं जास्त. त्यातच बिस्किटांच्या डब्यात एक कॅसेट. "अम्मीच्या ट्रंकेत सापडली. तिचा आवाज असेल यात. जाण्याआधी एकदा ऐकव," म्हणाले. कुठलं जाणं, ते मी विचारलं नाही. अम्मीला जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या साड्या आहेत, फोटो आहेत, आवाज कुठेच नाही.

मी मुळात उतावळी. नवऱ्याकडून जेद्दाच्या जुन्या बाजारातून टेपरेकॉर्डर मागवला आणि कॅसेट त्यात घालणार, एवढ्यात शेजारची कोरियन बाई डबा परत द्यायला आली. तिचा नवरा इथल्या विद्यापीठात शिकवतो. ती स्वतः तिच्या देशात एका दफ्तरखान्यात जुने कागद आणि टेपा दुरुस्त करायची. तिने माझं मनगटच धरलं. टेपेवर पांढरी बुरशी होती, रत्नागिरीच्या दमट हवेची मेहेरबानी. "लावलीस तर तुटेल," ती म्हणाली. "मग खलास."

"बाकीच्या कॅसेटी कुठे आहेत?" तिने विचारलं.

"बाकीच्या कसल्या? एकच."

तिला कळेना, म्हणून मी समजावलं. अब्बा तेव्हा जेद्दाच्या बंदरावर कामाला. गावचं कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्या हाती कॅसेट जायची. अम्मी ऐकायची आणि त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून परत पाठवायची. अब्बा ते ऐकून त्यावरच आपलं भरायचे. आमच्या मोहल्ल्यात घरोघरी हेच चालायचं. ऐकलं, काम झालं, आता ठेवून काय लोणचं घालायचंय?

तिने कॅसेट उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "शेवटी कोणी भरलं?"

हा प्रश्न आमच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. मी अब्बांना विचारलं. ते सहज सांगायला लागले, "मीच भरली. पाठवणार होतो, तेवढ्यात सुट्टी मंजूर झाली, म्हणून खिशात घालून घरी घेऊन गेलो. पुढे मोहल्ल्यात फोन आला आणि..." मधेच थांबले. म्हणजे अम्मीचा आवाज आपणच पुसला, हे त्यांना तेव्हा उमगलं. चहा तसाच ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसले. मला त्यांची इतकी कीव आली की मी उगाचच भांडी आदळली.

शेजारीण मात्र म्हणाली, आपण टेप साफ करायचीच. कॅसेट तिने आधी ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत बंद डब्यात सुकवली. मग रोज दुपारी येऊन मऊ फडक्याने ती टेप वीत वीत पुसायची. माझ्याने बघवत नसे, इतकं सावकाश. पुसता पुसता तिच्या देशातल्या गोष्टी सांगायची. तिथे शेकडो वर्षं राजदरबारात रोज काय घडलं ते लिहून ठेवत आणि त्याच्या प्रती एकमेकींपासून लांब ठेवत. ठराविक वर्षांनी राजधानीहून अधिकारी यायचा, कोरडा दिवस बघून पेट्या उघडायचा, ग्रंथ वाऱ्यावर सुकवायचा आणि कसर लागू नये म्हणून मुळ्यांची पूड घालून पुन्हा पेट्या बंद करायचा. त्यातली एक मुळी तिने फोनवर दाखवली. बघते तर वेखंड! अम्मी साड्यांत ठेवायची तेच.

एका युद्धात बाकीच्या सगळ्या प्रती जळून गेल्या. एकच वाचली, कारण उतारवयाच्या दोघा गावकऱ्यांनी ती डोंगरात नेऊन लपवली आणि पाळीपाळीने राखली. ऐकून मी थक्क झाले. त्या दोघांच्या घरादाराची एक ओळही त्यात नसेल. तरी त्यांना वाटलं, हे जाता कामा नये. कुठून येत असेल एवढी कळकळ? मी तिला दुसरा चहा विचारायचंही विसरले.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर आम्ही टेप लावली. शेजारणीने ती दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवली होती आणि टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडला होता. पहिल्या खेपेलाच प्रत निघायला हवी, टेप दुसऱ्यांदा टिकेल याची खात्री नाही, असं तिने बजावलं होतं. अब्बा यायला तयार नव्हते. "माझाच आवाज काय ऐकायचा?" मी हात धरून आणून बसवलं.

खरखर झाली आणि तरुण अब्बा बोलले. "सलाम. मी खुशाल आहे. इथे गरमी फार. पोरीला दात आले का ते कळव. बस, खुदा हाफिज." एवढंच. मुळातच मितभाषी माणूस. अम्मी आयुष्यभर त्यावरून टोमणे मारायची.

खट्ट झालं. मी बंद करायला हात पुढे केला, तर शेजारणीने बोट ओठांवर ठेवलं.

"...आणि तुमच्या वाटची सुरमई शेवटी मांजरीने खाल्ली."

अम्मी. वाक्याच्या मधूनच सुरू झालेली. अब्बांनी जेवढं भरलं होतं तेवढंच तिचं पुसलं गेलं होतं. त्यापुढची ती सगळी तशीच होती. मांडवीच्या घराची पडवी, शेजारच्यांचं भांडण, माझा ताप. माझ्या डोळ्यांना धार लागली. अब्बा खुर्चीच्या कडेला आले होते, मान यंत्राकडे वाकवून.

"मी इतकी बोलते नि तुम्ही आपले मुक्यासारखे," अम्मी म्हणाली. "ऐकताय ना?"

"ऐकतोय गो," अब्बा म्हणाले. "तू बोल."