साडूचा हौद

साऱ्या वऱ्हाडात माझ्या साडूइतका हट्टी माणूस झाला नाही, आणि हे मी सांगतो आहे, ज्याला अकोल्याचं अख्खं जुनं शहर हट्टी म्हणतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. अमरावतीचा. तिथल्या भर गावातल्या चौकाच्या तोंडाशी त्याचं घर. पूर्वी त्या चौकाच्या मधोमध दगडी हौद होता. टांग्याची घोडी तिथं पाणी प्यायची, कुस्ती मारलेला पैलवान तिथंच गुलाल धुवायचा, आणि एकदा भर सभेत एक पुढारी बोलता बोलता मागं सरकला तो धप्पकन आत. "सभेत तेवळंच खरं बोलला तो," साडू सांगायचा, "वाचवा म्हने!" पुढं हौद बुजला, वर डांबर पडलं, सिग्नल आला. साऱ्या गावानं ते मानलं. साडूनं मानलं नाही.

भाजीची पिशवी घेऊन निघाला की तो त्या हौदाला वळसा घालूनच पलीकडं जायचा. मागं गाड्यांचे भोंगे, हा आपला डांबरावर गोल. कुणी मधून गेला की ओरडायचा, "अबे, बुडशीन ना!" उन्हाळ्यात मान हलवायचा, "पानी लय खाली गेलं यंदा." मी दुसरीतच शाळा सोडली, पण जे नाही ते नाही, एवढं मला कळतं. म्हणून मी मुद्दाम मधूनच चालत जायचो. घरी पोचलो की साडू बायकोला हाक मारायचा, "याले टावेल दे वं, वल्ला झाला!"

गेल्या वर्षी त्याच्या नातीचं लग्न निघालं. वरात चांदूर रेल्वे गावची. नवरदेव घोड्यावर, पुढं बँड, मुहूर्त डोक्यावर आलेला, आणि चौकात साडू दोन्ही हात पसरून उभा. "हौदातून वरात नेता काय? फिरून या!"

नवरदेवाचा बाप लालबुंद झाला. "कोन्ता हौद? आमाले येडं समजता काय? वापस नेतो मी वरात!"

बँड थांबला. मंडपाच्या दारात नात उभी होती, तिच्याकडं पाहवेना. सगळे माझ्याकडं बघू लागले, कारण साडूला खोटं पाडायचं काम इतकी वर्षं माझंच. मी धोतर गुडघ्यापर्यंत उचललं आणि नवरदेवाच्या बापाला हळूच म्हणालो, "इवाईबुवा, काठानं या. शेवाळ हाये, घोडं घसरन."

त्यानं माझं धोतर पाहिलं. मग स्वतःचे नवे बूट पाहिले.

"खोल हाये काय?"

"कमरेइतकं."

वरात वळली. बायांनी लुगडी वर धरली, ढोलवाल्यानं ढोल डोक्यावर घेतला. अक्षता वेळेवर पडल्या. पंगतीत माझ्या पानात जिलेबी वाढताना साडू म्हणाला, "दिसला ना तुले शेवटी?"

"डोळे तपासून घेतो," मी म्हणालो. मी तरी काय कमी आहे!

दिवाळीनंतर साडू गेला. अमरावतीला जाणं होतं अजून. पण ओलं होऊन घरी गेलो तर टावेल दे म्हणणारं आता कुणी नाही, म्हणून मी काठानंच जातो. परवा सिग्नलवरचा पोलीस ओरडला, "आजोबा, सरळ जा ना! कावून गोल फिरून राहिले?"

"मले पोयता येत नाही," मी म्हणालो.