हात पोचेल एवढं छप्पर

अहेरीच्या अलीकडे तलावाच्या पाळीला मासेमार ढिवरांची वस्ती होती, आणि त्या वस्तीत सर्वांत ठेंगणी सैपाकखोली गुणाबाईची. तिच्या नवऱ्यानं, पोचूनं, ती बांधली वाऱ्याला भिऊन. उभ्यानं हात वर केला की बोटं छपराच्या मातीच्या कवेलूंखालच्या बांबूच्या तट्ट्याला लागत. गुणाबाईला त्याची लाज कधी वाटली नव्हती. कारण चैतात तलाव आटला, सगळ्या गावानं मिळून जाळं ओढलं, की गावजेवणाच्या मासोळीचा गंज, ते भलं मोठं पातेलं, याच खोलीत चढे. बाहेर चूल मांडायची सोय नव्हती. एकदा ठिणगी उडून तीन गवती छपरं जळाली होती. गंज आतच चढायचा, आणि त्यातला पळा बावीस वर्षं गुणाबाईच्या हातात.

सन त्रेपन्नच्या चैतात मात्र घात झाला. अंधाऱ्या खोलीत मासोळी साफ करताना कुणाच्या तरी बोटाखाली पित्त फुटलं आणि अख्खा गंज कडू झाला. लोकांनी भात कोरडाच खाल्ला. तो कोरडा भात गुणाबाईच्या जिव्हारी लागला.

त्याच साली समोरच्या सोमाजीच्या सुनेनं, कमळानं, आपल्या उंच खोलीत काचेचं कवेलू बसवलं. घुग्घुसच्या खाणीत कामाला असलेल्या तिच्या भावानं ते तणसात गुंडाळून आणलं होतं. गुणाबाई विस्तव मागायच्या निमित्तानं गेली. विस्तवाकडं तिचं ध्यानच नव्हतं. उजेड वरून असा उतरत होता, जसा कुणी तांदूळ पाखडून खाली सोडावा. कमळाच्या सुपातला एकेक खडा दिसत होता.

"बसा ना बाई," कमळा म्हणाली.

"बसाले उजेड लागते का?" गुणाबाई म्हणाली आणि विस्तव न घेताच परतली.

तेवढ्यात वस्तीचे म्हातारे पुढारी भैयाजी बोलून गेले, "येत्या चैतात गंज कमळाच्या घरी चढवू. तिथी दिसते तरी." त्या दिवसापासून गुणाबाईच्या पोटात चूल पेटली ती विझेना. समोरच्या घरात कुणी हसलं तरी तिला वाटे, आपल्यालाच हसलं.

तिनं पोचूला अहेरीच्या बाजारातून काचेचं कवेलू आणायला लावलं. कवेलू फेरणारा लटारू छपरावर चढला, खाली वाकून म्हणाला, "बाई, चुलीवर नोको. छप्पर खाली हाय, काच धुरानं मरन. दरवाज्याकडं बसवतो."

"तिच्या चुलीवर हाय ना?"

"तिचं छप्पर उंच हाय."

"मंग माया चुलीवरच बसव!"

लटारूनं बसवलं. आठ दिवसांत काच तव्याच्या बुडासारखी झाली. गुणाबाईनं ती राखेनं घासली, पुन्हा काळी झाली. समोर कमळाची काच मात्र उन्हात लखलखायची, आणि तो झोत थेट गुणाबाईच्या डोळ्यांत यायचा. निदान तिला तसं वाटायचं.

पुढचा चैत आला. जाळं ओढायच्या आदल्या दिवशी ती तलावाच्या पलीकडच्या काठावरून पांढरी माती घेऊन आली. भिंती पोतारल्या. रागाचा हात थांबेना, तसा तिनं वरचा तट्टाही पोतारायला घेतला. शिडी लागली नाही, पाटही लागला नाही.

पोचू दारात उभा राहून म्हणाला, "अव, छपराले कोनी पोतारते का? डोस्क्यावर माती पडन!"

"पडू द्या. तिच्या घरी ऊन पडते, माया घरी माती पडन."

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या मरळीनं जाळं फाडलं, ते सांधता सांधता वेळ गेला, आणि मासोळी घरी यायला दिवेलागण झाली. गंज कमळाकडं चढला. गुणाबाईनं आपल्या भिंतीतल्या दिवळीत चिमणी लावली आणि उंबऱ्यावर कान टवकारून बसली. थोड्या वेळानं म्हातारी सुगंधाबाई समोरून ओरडली, "अव कमळे, पित्त कोनतं अन् आतडं कोनतं? काईच दिसून नाई राह्यलं!"

सूर्यच नाही तर काच काय करणार? आणि चिमणीचा उजेड त्या उंच काळ्या आढ्यात जाऊन हरवत होता. भैयाजी चडफडत बाहेर आले, आणि थबकले. गुणाबाईचं दार दुधानं भरल्यासारखं उजळलं होतं. एकच चिमणी, पण भिंतींनी तिचा उजेड तट्ट्याला दिला होता आणि तट्ट्यानं खाली.

"गुणाबाई, गंज इकडं आनतो वं."

ती उठली नाही. "काऊन? तिथी दिसते ना?"

"आन म्हन माय एकदाची!"

दुसऱ्यांदा विनवल्यावरच ती उठली. त्या वर्षी गंज कडू झाला नाही. मासोळी साफ करायला कमळाही येऊन बसली. तिची मान सारखी वर जात होती.

"बाई, माती कोनत्या काठाची हाय?"

"हाय कुठची तरी," गुणाबाई म्हणाली. इतका गोड घास तिनं बावीस वर्षांत खाल्ला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी ती दारात आली, तर लटारू खांद्यावर शिडी घेऊन समोरच्या घरात शिरत होता. मागून कमळा. डोक्यावर पांढऱ्या मातीची पाटी, पलीकडच्याच काठाची.

"शिडी लागते तिले," गुणाबाई स्वतःशी म्हणाली. "मले लागली नाई." पण समोर काचही होती आणि आता मातीही चढत होती. दिवसभर ती चुलीपुढून उठून दाराशी येत राहिली. त्या दिवशी पोचूच्या वरणात दोनदा मीठ पडलं.