आठाचं शून्य

वजनकाट्याच्या धंद्यात सगळ्या शिव्या चालतात, एक सोडून: काटा मारतो.

बाजारात गुळाच्या ढेपा उचलत मी हा काटा उभा केला. घासाघीस करतो, तीही तोंडावर आणि मोठ्या आवाजात. वजनात मात्र हात घातलेला नाही. कारखान्यात ऊस घालण्याआधी शेतकरी माझ्याकडे ट्रॅक्टर तोलून जातात, ते उगीच नाही.

त्या दिवशी बावड्याच्या वाटेवरचा एक शेतकरी काट्यावरच ट्रॅक्टर थांबवून पावती नाचवत आत आला.

"मालक, वर पाटीवर चौदा हजार सातशे ऐंशी. कागदावर सातशेच. ऐंशी किलो खाल्लं की!"

"पावणं, तोंड सांभाळा."

"फोटो गेला गावच्या ग्रुपवर. आता तुमीच सांभाळा."

तिडीक कपाळात गेली माझ्या. पण पावतीवर खरंच सातशे होते. त्याला म्हणालो, "ट्रॅक्टर हलवायचा न्हाय. हेच वजन परत काढून दावतो."

मागे रांगेतले हॉर्न सुरू झाले. वाजू देत.

पावती छापायच्या प्रिंटरची रिबन बदलली. अक्षर काळंभोर आलं, आकडा तोच. कागदाच्या जाडीचा खटका एक घर मागे सरकवला. तरी तेच. प्रिंटर दिलेल्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "छापायचं हेड गेलं असणार. असली यंत्रं आता कोण वापरतं? लेझर घ्या."

"तुझं लेझर कार्बनमधनं तीन प्रती काढतंय का एका दणक्यात?" म्हणून फोन ठेवला. बघितल्याशिवाय हेड गेलं म्हणणाऱ्याकडून मी बादलीसुद्धा घेणार नाही.

मग पावती डोळ्यांजवळ धरली. एकूण एक अक्षराच्या पोटातून बारीक पांढरी रेघ गेलेली. हेडात पिना एकाखाली एक असतात. मधली एक अडकली होती. इंग्रजी आठ म्हणजे एकावर एक दोन गोल. मधला सांधा उमटला नाही की उरतो लांबट शून्य. चोर सापडला.

यंत्र बंद केलं. हेड निवायची वाट बघायची असते, मी बघितली नाही, ते काढताना बोट भाजलं. स्पिरिटच्या फडक्यानं पिनांची तोंडं पुसली. रिबनीची तुसं आणि शाई मिळून काळं मेणच जमलं होतं. परत जोडून छापलं. पहिल्या ओळीत अजून रेघ. पुन्हा पुसलं. आता आठ उतरला, कंबरेसकट.

शेतकऱ्यानं पावती उलटीपालटी करून पाहिली. "आलं की बरोबर. चला, निघतो."

"निघतो? ह्या पावतीचा फोटो काढा. टाका ग्रुपवर."

"नेट संपलंय मालक."

"मघाशी बरं होतं! माझं नेट घ्या." मी मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला. "खाली लिवा, काटा बरोबर हाय."

"यंत्र बिघडलं होतं, असं लिवतो."

"तेबी लिवा. आदी काटा."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अवो, लिवा की! ऊस वाळाय लागला!"

त्यानं एका बोटानं, रागानं, अक्षर अक्षर दाबत लिहिलं. संदेश गेल्याची खूण दिसेपर्यंत मी ट्रॅक्टरच्या पुढे उभा होतो.