आईचा गुरुवारचा अर्धा तास

आमच्या घोडबंदरच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा कोणीतरी जुन्या व्हीसीआरचा फोटो टाकला. खाली लिहिलेलं, ‘किती साधे, किती सोनेरी दिवस होते ते.’ लगेच धडाधड बदाम सुरू. एकाला म्हणे रडूच आलं. मी टाईप केलं, ‘डोंबलाचे सोनेरी,’ आणि मग खोडलं, कारण सेक्रेटरीची बायको दुखावते आणि महिनाभर लिफ्टमध्ये तोंड फिरवून उभी राहते. पण माझा त्या मशीनवर जुना राग आहे आणि तो काही खोडला जात नाही.

डोंबिवलीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, आई, बाबा आणि मी. आई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, म्हणजे दिवसभर घरातच. आणि घरात असणाऱ्या बाईला काही काम नसतं, असं बाबांसकट सगळ्यांचं ठाम मत होतं. सकाळपासून कोणी ना कोणी तिला हाका मारत असायचं. फक्त गुरुवारी आठ ते साडेआठ नाही. तेव्हा टीव्हीवर मराठी मालिका लागायची.

आठला पाच कमी असताना आई गॅस बंद करायची, पदराला हात पुसायची आणि टीव्हीसमोर भिंतीला पाठ टेकून पाय लांब करून बसायची. एरवी तिला अशी बसलेली मी कधी बघितली नाही. भात अर्धा कच्चा असला तरी तसाच राहायचा. बाबा पाणी स्वतःच्या हाताने घ्यायचे. यात बाबांचा काही मोठेपणा नव्हता हं. कार्यक्रम एकदाच लागायचा, गेला की गेला, एवढं त्यांनाही कळत होतं. शहाडचे काका दर गुरुवारी यायचे, कारण शुक्रवारी त्यांच्या कंपनीला सुट्टी. तेसुद्धा गपगुमान बसून राहायचे आणि साडेआठला आई उठली की मग सगळ्यांना चहा मिळायचा.

मी नववीत असताना बाबांनी मस्कतहून परत आलेल्या एकाकडून व्हीसीआर घेतला. काय ते कौतुक त्याचं. आईनेच त्याला झालर लावून कव्हर शिवलं, बिचारीने. टायमर लावणं अख्ख्या घरात फक्त मला जमायचं आणि मी त्याची अशी काही मिरवामिरवी करायचे की बस.

त्याच आठवड्यात गुरुवारची नवी मालिका सुरू झाली. पहिल्या गुरुवारी मी रेकॉर्डिंग लावलं आणि आई नेहमीसारखी येऊन बसायला लागली. बाबा म्हणाले, “अगं, आता कशाला बसतेस? रेकॉर्ड होतंय ना? नंतर बघ की निवांत.” तिला पटलं. मलाही पटलं. आज तो ‘निवांत’ आठवला की डोक्यात तिडीक जाते. कधी बघणार होती ती निवांत? रविवारी दुपारी बाबांचे मित्र भाड्याच्या कॅसेटी घेऊन यायचे आणि लागोपाठ दोन पिक्चर बघायचे, कांदाभजी खात. भजी कोण तळत होतं ते सांगायला नको. इतर दिवशी दुपारी साडीवाल्या बायका. आईने कधी कॅसेट लावलीच तर दहा मिनिटांत बेल वाजायची आणि ती मशीन थांबवून उठायची. “पॉज कर ना, कुठे पळून जातंय?” हे बाबांचं ठरलेलं वाक्य.

काकाही लवकरच शिकले. आठ वाजले की, “वहिनी, रेकॉर्ड होतंय ना? मग चहा टाका.” आई ओट्याशी उभी राहून नुसते आवाज ऐकायची. कोण रडलं, कोण घर सोडून गेलं, ते तिला दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू सांगायच्या. आणि मी कॅसेटींवर सुवाच्य अक्षरात भाग क्रमांक लिहून त्या कपाटावर रचून ठेवत होते.

मालिका तेरा भागांची होती. तेराव्या गुरुवारी सकाळी माझी वेणी घालता घालता आई म्हणाली, “आज ते मशीन लावू नकोस हं. आज शेवटचा भाग आहे, आज मी बसणार.” मी हो म्हटलं. मग दप्तर उचलताना वाटलं, बारा भाग आहेत आणि शेवटचाच नाही, हे काही बरं दिसत नाही. ती बसली तर बसू दे, रेकॉर्डही होऊ दे. टायमर लावून मी शाळेत गेले. ती काय मागतेय ते मला समजलं नाही, आणि समजायला काही अवघड नव्हतं. इतकी मूर्ख मुलगी मी.

संध्याकाळी पावणेआठला काका आले. वेळ झाली तशी आईने गॅस बंद केला आणि येऊन बसली. काकांनी नेहमीचं विचारलं. आई म्हणाली, “आज नाही होत रेकॉर्ड. बिघडलंय ते.” तिला खोटं बोलायची सवय नव्हती, तिचे कान लाल झाले होते. बाबा काही बोलणार तोच काका म्हणाले, “मग बघा तुम्ही वहिनी. चहाचं काय, होईल नंतर.” आईने पाय लांब केले.

मशीनचं घड्याळ दोन मिनिटं मागे होतं. शीर्षकगीत झालं, नावं झाली, नायिकेने बोलायला तोंड उघडलं आणि टीव्हीखालचं मशीन खट्‌कन आपोआप सुरू झालं. लाल दिवा लागला.

“अरे, हे तर चालू झालं,” बाबा म्हणाले.

“बिघडलंय कुठे?” मी म्हटलं, हुशार कुठली. “मी सकाळीच टायमर लावलाय.”

“मग झालं तर. टाक गं चहा.”

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागावली असती तर मी आज एवढी चडफडत बसले नसते. तिने पाय जवळ घेतले, भिंतीला हात लावून उठली आणि आत गेली.

भिंतीजवळून टीव्ही सगळ्यात चांगला दिसायचा, म्हणून मी सरकून तिथे बसले. भाग रंगात आला होता. आई चहा घेऊन आली. काकांना दिला, बाबांना दिला, मग माझ्यासमोर वाकली. मी टीव्हीवरची नजर न काढता कप घेतला आणि म्हटलं, “आई, सरक ना बाजूला, दिसत नाहीये.”