कादंबऱ्यांचा तपासनीस

इंदूरच्या एका कापड मिलच्या फोल्डिंग खात्यात मी तपासनीस होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळायचा. तिरप्या फळीवरून कापड खाली सरकायचं, मागून उजेड यायचा आणि मी डोळे लावून बसायचो. कुठे ताणा तुटलेला, कुठे गाठ, कुठे तेलाचा डाग. दोष दिसला की त्या जागी कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायचा. दोरे कमी निघाले तर ठाण फ्रेश, जास्त निघाले तर सेकंड, आणि फारच निघाले तर चिंधी. उभ्या जन्मात मी वीतभर कापड विणलं नाही, पण विणणारे मला टरकून असत. ज्याला स्वतःला काही येत नाही अशा माणसाला याहून चांगली नोकरी मिळाली नसती.

मग मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग भोंगा थांबला, मग गेटवर नोटीस लागली. आम्ही झेंडे घेऊन गेटसमोर बसलो, घोषणा देऊन घसे बसवून घेतले. दिल्लीवाल्यांनी देशाची दारं उघडली असं तेव्हा रोज पेपरात येत होतं. आमच्या ओळखीचं एकच दार होतं, त्याला कुलूप लागलं होतं. आज ना उद्या भोंगा वाजेल असं मी घरी सांगायचो. पहिल्या वर्षी माझी बायको प्रमोदिनी यावर मान डोलवायची. दुसऱ्या वर्षी तिनं शाळेत शिकवून आल्यावर घरी शिकवण्या धरल्या आणि मान डोलवायला तिला वेळ उरला नाही.

आमची मुलगी संहिता तेव्हा कॉलेजात जायला लागली होती. लहानपणी ती मला सगळं विचारायची. फ्रॉक कोणता घालू, चित्रात आकाश कुठपर्यंत रंगवू, पतंगाला शेपूट लावू का. मिल बंद झाल्यावर हळूहळू सगळे प्रश्न तिच्या आईकडे गेले. माझ्या वाट्याला एकच वाक्य उरलं, "बाबा, जरा सरका." केर काढताना ते लागायचंच. पगार गेल्याचं दुःख मी गेटवर ओरडून काढलं होतं, पण हे कुठे ओरडणार? पोरीनं मला एकदा काहीतरी विचारावं, एवढीच माझी इच्छा होती.

माझा मेव्हणा वासुदेव पुण्यात पुस्तकांच्या दुकानात कामाला होता. त्यानं दोन खोकी भरून पुस्तकं पाठवली. संहिताच्या वयाच्या मुलांसाठी निघालेल्या नव्या नव्या कादंबऱ्या होत्या. "भाऊजी, बसल्या बसल्या वाचनालय चालवा," असं त्यानं फोनवर सांगितलं. 'बसल्या बसल्या' मला टोचलं, पण बसलेला तर मी होतोच. सुदामा नगरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन मांडण्या लागल्या, एक टेबल लागलं, आणि मी पुन्हा डोळे लावून बसलो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी कादंबऱ्या तपासायला लागलो.

आता माझी मतं ऐका, कारण त्या काळात ती ऐकल्याशिवाय आमच्याकडून पुस्तक मिळत नसे.

या कादंबऱ्यांतल्या मुली सारख्या खिडकीत उभ्या राहून विचार करतात. घरात त्यांना कोणी मेथी निवडायला बसवत नाही. एक पोरगी वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी टेकडीवर जाऊन 'मी कोण?' असं विचारते. अगं, हॉलतिकिटावर लिहिलंय की. दोरा. एक मुलगा एक बिस्किटाचा पुडा घेऊन घरातून पळतो आणि त्याला तीन प्रकरणं भूक लागत नाही. दोरा. प्रत्येक पुस्तकात शबनम पिशवीवाले एक समजूतदार सर असतातच. ते पोराच्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य बोलतात आणि पोराचं आयुष्य बदलतं. माझ्या खांद्यावर सरांचा हात पडायचा तो मला बाकावर उभं करण्यासाठी. दोरा. आणि बाप? बाप नावाचं पात्र बहुतेक ठिकाणी पेपरच्या मागे असतं, त्याची फक्त बोटं दिसतात. यावर दोरा बांधताना मी स्वतःच पेपर बाजूला ठेवून उठलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

दोरा म्हणजे खरोखरचा दोरा बरं का. लाल रीळ मी मिलमधून आणलेलं होतं. दोष सापडला की त्या पानात दोरा घालून वर पुठ्ठ्यापाशी गाठ मारायची. मग पुस्तक फ्रेश, सेकंड की चिंधी ते ठरवून त्या त्या फळीवर लावायचं. संस्कारक्षम वयाच्या मुलांनी फ्रेश वाचावं, चिंधीपासून लांब राहावं, असा माझा उदात्त हेतू होता.

वाचनालय धडाक्यात चाललं. सुदामा नगरच काय, पार जुनी इंदूर मोहल्ल्यापासून पोरं सायकली मारत यायची. आपल्या परीक्षणाला इतका मान आहे हे बघून मी दाढी रोज करायला लागलो. फक्त एक गोष्ट कळेना. फ्रेशच्या फळीवर धूळ साचायची आणि चिंधीची फळी कायम रिकामी असायची. शेवटी शेजारच्या मानसला मी ओट्यावर पुस्तक वाचताना गाठलं. तो एका दोऱ्यापाशी पुस्तक उघडायचा, ते पान वाचायचा आणि सरळ पुढच्या दोऱ्यावर उडी मारायचा.

"अरे, मधलं कोण वाचणार?" मी विचारलं.

"मधलं बोअर असते ना काका," तो म्हणाला. "धागा आहे तिथेच तर असली मजा असते. पळून जाणं, लव्ह लेटर, झूठ बोलणं, सगळं. हमारे स्कूल में सबको पता है. तुम्ही लय मेहनत करता, भिया." इंदूरला काकालाही भिया, म्हणजे भैयाच म्हणतात.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. सगळ्या इंदूरच्या पोरांना नको ती पानं मी स्वतःच्या हातानं खुणा करून पुरवत होतो. प्रमोदिनीला हे सांगितलं तर ती कणीक मळता मळता भिंतीला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मिल बंद पडल्यावर ती अशी हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. दोरे बांधणं मी थांबवलं नाही. तत्त्व आणि धंदा यांतून मी धंदा निवडला. देशात तेव्हा सगळेच तेच करत होते.

पण खरी कमाई वेगळीच झाली. संहिता माझ्याशी भांडायला लागली. मी बांधलेले दोरे ती ओढून काढायची आणि जेवताना माझ्या ताटाशेजारी आणून ठेवायची.

"ती टेकडीवर जाते, कारण घरात तिला बसायला कोपरा नाहीये, बाबा. तुम्ही वाचता की फक्त चेक करता?"

"मग परीक्षा कोण देणार? टेकडी?"

"परीक्षेचंच तर टेन्शन आहे तिला. तुमचं तर ना, हद आहे."

मला हे फार आवडायचं. कधी कधी दोष नसला तरी मी दोरा बांधायचो, तेवढीच दोन घास जास्त चर्चा. पण ती मला सुनवायची, समजवायची, माझी अक्कल काढायची, विचारायची मात्र काही नाही.

मग ती एक कादंबरी आली. नव्या पार्सलातली, पातळशीच. तिच्यातल्या मुलाच्या बापाचा कारखाना बंद पडतो. बाप घरी बसतो. आणि हे चिरंजीव शाळेत सगळ्यांना सांगतात की आमचे बाबा दुबईला असतात. तिथून घड्याळ पाठवणार आहेत, कॅमेरा पाठवणार आहेत. माझं डोकंच फिरलं. इतके दोरे मी कुठल्याच पुस्तकाला बांधले नव्हते, त्याला नुसती दाढी आली. संहिता ते वाचत होती, तिच्या हातातून मी ते अर्धं वाचलेलं काढून घेतलं होतं. संध्याकाळी जेवताना मी निकाल दिला.

"हा पोरगा चिंधी. असं पात्र असूच शकत नाही. बाप धडधाकट घरात बसलेला असताना कुठला मुलगा त्याला दुबईला पाठवेल? लेखकाला मुलं नसणार."

मी तिच्या उत्तराची वाट बघत होतो. तिनं घास तसाच ताटात ठेवला.

"तुम्हाला काय माहीत," ती म्हणाली आणि उठून गेली.

वाद जिंकला असं समजून मी आणखी एक पोळी वाढून घेतली.

पुढच्या रविवारी दुपारी फाटकाशी एक स्कूटर थांबली. विजय नगरकडून आलेली, संहिताच्या वयाची मुलगी होती. नाव निधी. "अंकलजी, वो लाल धागेवाली लाइब्रेरी हीच ना?" असं विचारत ती आत आली आणि सगळ्यात जास्त धागे असलेलं पुस्तक मागायला लागली. मी ऐटीत चिंधीच्या फळीकडे वळलो. तेवढ्यात आतून संहिता माझा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अरे संहिता, तू?" निधी म्हणाली. "हे तुझं घर आहे? तूने कभी बताया नहीं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे हे तुझे पप्पा? अंकलजी, तुम्ही सूरतहून केव्हा आले? ही तर बोलली होती की दिवाळीच्या पहिले येणार नाहीत, इतकं मोठं कपड्याचं काम आहे तुमचं तिथे."

संहिता बशीतला चहा परत कपात ओतायला लागली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मला राग आला नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्यातही सवय सुटेना, मी खोटं तपासायला लागलो. दुबईपेक्षा सुरत बरी. जवळ आहे, कापडाची आहे, बापाला कापडातलं कळतं हेही त्यात आलं. पोरीनं मला बँकेत मॅनेजर केलं नव्हतं, माझ्याच धंद्यात ठेवलं होतं. मला त्यात एक गाठ सापडली नाही. मग मी खुर्चीत ताठ बसलो.

"आजच सकाळी आलो, बेटा," मी म्हणालो. "तिकडे माल अडकला होता. सिंथेटिकला फार मागणी आहे हल्ली, श्वास घ्यायला फुरसत नाही."

सुरत मी आयुष्यात पाहिलेली नाही.

"आणि लाइब्रेरी?"

"ती आंटीची. आपण आलो की जरा बसतो, टाइमपास." हे बोलताना मात्र मी टेबलावरचं लाल रीळ खिशात घातलं. मग घाईघाईनं फळीवर हात घातला आणि सगळ्यात जास्त दोरे असलेलं पुस्तक तिला देऊन टाकलं. तेच होतं, दुबईवालं. निधीनं दोरे कुरवाळले, संहिताला "कल कॉलेज में मिलते हैं" म्हटलं आणि बाहेर जाऊन स्कूटरला किका मारायला लागली. स्कूटर सुरू होईना.

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी उगाच मांडणीवरची पुस्तकं सरळ करत बसलो. चहा टेबलावर ठेवून संहिता माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"बाबा."

"हं."

"त्या पुस्तकात... शेवटी त्याच्या बाबांना कळतं का?"

ती मला विचारत होती. आणि मला उत्तर माहीत नव्हतं. आमच्या खात्यात एकदा भरपूर दोरे झाले की पुढचं ठाण कोणी उलगडत नसे, सरळ चिंधीत टाकायचं. तसंच मी केलं होतं. अर्ध्यावर निकाल देऊन पुस्तक मिटलं होतं.

"कळतं," मी म्हणालो.

"मग ते काय करतात?"

"काय करणार. पोराच्या मित्रांना दुबईच्या गोष्टी सांगतात."

"आणि रागावत नाहीत?"

"नाही. मुलाला लाज वाटली, याचं बापाला वाईट वाटतं. पण मुलगा त्याचाच आहे ना."

"आणि तो मुलगा काय करतो?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी शेवट वाचलेला नाही, संहिता. मी आत्ता सांगितलं ते सगळं माझ्याच मनाचं आहे."

बाहेर निधी किका मारतच होती. संहिता वळली आणि चपला न घालताच फाटकाकडे गेली. दुपारची फरशी चांगलीच तापलेली होती.

"निधी, रुक जरा," मला ऐकू आलं. "बाबा सूरतला नसतात. त्यांची मिल बंद झाली ना, ते इथेच असतात. आणि ही लाइब्रेरी आईची नाही, त्यांची आहे. चल, आत चल, चहा पिऊन जा."

मला रडू आलं. मोरीत जाऊन मी तोंडावर पाणी मारलं, पंच्यानं पुसलं आणि गॅसवर आणखी दोन कप चहाचं आधण ठेवलं.